रणगाडा आणि वाघोबाचा नारळ

सापगावच्या हेमंतने लिलावात लष्कराचा जुना ट्रक घेतला, तेव्हा त्याच्या बायकोने, प्रमिलाने, एवढंच विचारलं, "लढाई कोनासंगं हाय?" ट्रक हेमंतच्याच वयाचा होता, पेट्रोल ढोसायचा आणि गिअर बदलताना असा ओरडायचा की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. गावाने त्याचं नाव रणगाडा ठेवलं. हेमंतने मात्र त्याचा नट न् नट स्वतः खोलून परत बसवला होता. बसवून झाल्यावर दोन-चार नट उरले, त्याबद्दल तो बोलत नसे.

ट्रकला एकच खोड. मुरबाडच्या रस्त्याला चढणीवर वाघोबाचा दगड आहे, तिथे उन्हाळ्यात तो हमखास बंद पडायचा. मग मंडळी उतरायची, वाघोबाला नारळ फोडायची, खोबरं चघळत बसायची, आणि ट्रक सुरू व्हायचा. गाडी वाघोबाला मानते, अशी सगळ्यांची खात्री पटली. हेमंतच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"अरे, चढणीला इंजिन तापतं, पंपातलं पेट्रोल उकळतं. वाफ धरली की पेट्रोल पुढं जात नाय. तुमचं खोबरं खाऊन होईस्तोवर पंप थंड होतो, बाकी काय नाय!"

लोक मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला नारळ घेऊन चढायचे.

यंदा वैशाखात मुरबाडला भाचीचं, भूमिकाचं, लग्न निघालं. हेमंतला मूलबाळ नव्हतं. भूमिका दर सुट्टीत सापगावला यायची आणि याच ट्रकचं स्टिअरिंग धरून मोठी झाली. तिला मांडवात आपणच आणायचं, हे त्याने ती फ्रॉकात होती तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं. लग्नाच्या सकाळी बहिणीचा, निर्मलाचा, फोन आला, "दादा, त्या डब्यातनं येऊ नको. येळेवर नाय पोचलास तर पोरीला धर्मादादा आणील." धर्मा म्हणजे चुलतभाऊ, त्याच्याकडे नवीकोरी मोटार. हेमंतला मिरची झोंबली. त्याने गावासमोर सांगून टाकलं, "आज नारळाबिगर नेतो. थांबला तर ट्रक भंगारात घालतो!" पंपावर ओतायला पाण्याचा कॅन भरून मागे ठेवला, डोक्याला गुलाबी फेटा बांधला आणि वऱ्हाड भरून निघाला.

वाघोबासमोर ट्रक दोनदा खोकला आणि गप्प झाला.

हेमंत मागे धावला. कॅन रिकामा होता. गुणाबाई मावशीच्या नाकावर ताजी पावडर होती.

"मावशे, पानी कुठंय?"

"तोंडं धुतली रे. घामेजल्या तोंडानं लग्नाला जाऊ का काय?"

पिण्याच्या बाटल्याही संपल्या होत्या आणि ओढा कोरडा ठणठणीत. माणसं लोंबकळत असलेली एक जीप शेजारून गेली. तिच्या ड्रायव्हरने रणगाड्याला कडक सलाम ठोकला. तेवढ्यात निर्मलाचा फोन: "भटजी घाई करतात, दादा. धर्मादादाला सांगून ठेवते." फोन बंद झाला. हेमंत चाकापाशी खाली बसला. फेटा बांधलेला एवढा बाप्या माणूस, पण त्याचे डोळे भरून आले.

प्रमिला आहेराच्या पिशवीतले नारळ घेऊन पुढे आली.

"फोडा."

"मी नाय फोडनार."

"तुमचा हट्ट मोठा का भूमिका मोठी?"

हेमंतने दात-ओठ खात नारळ वाघोबाच्या दगडावर आपटला. पाणी उडालं आणि मनगटावर गार गार ओघळलं. तो तसाच थबकला. मग ओरडला, "तांब्या आना!"

पहिला नारळ वाघोबाचा, बाकीचे पंपाचे. त्याने डोक्यावरचा फेटा सोडून पंपाला गुंडाळला आणि त्यावर नारळाचं पाणी ओतत राहिला. वाफ उठली, चर्र झालं. आणखी ओतलं. पिशवी रिकामी झाली तेव्हा कुठे रणगाडा शिंकला आणि धडधडायला लागला.

"पावला गो वाघोबा!" गुणाबाई म्हणाली.

"पंप थंड झाला, मावशे!"

"थंड कुनी केला?"

हा वाद मुरबाडपर्यंत पुरला.

मांडवात भोंग्यावरून पुकारा चालला होता, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." धर्मा मिशी सारखी करत उठला, आणि तेवढ्यात रणगाड्याच्या आवाजाने सगळं लग्न मागे वळलं. हेमंत पिळलेला, काळा डागाळलेला फेटा डोक्याला गुंडाळत आत धावला. धर्मा मुकाट्याने खाली बसला.

भूमिकाने मामाचा हात घट्ट धरला. "मला वाटलं, येत नाय तू." ती रडत होती. मग तिने नाक मुरडलं. "मामा, फेट्याला कसला रे वास?"

"नारळाचा. थोडा पेट्रोलचा."

"पाठवणी रणगाड्यातनंच करायची," ती म्हणाली. नवरदेवाला कोणी विचारलं नाही.

सासर शहापूरचं, सापगावच्याच बाजूचं, म्हणजे वाट तीच. ऊन उतरलं होतं. परतताना वाघोबासमोर उतारच लागतो, त्यामुळे ट्रक कुरकुर न करता चालला होता. दगड आला आणि हेमंतने आपणहून ब्रेक दाबला.

"आता काय झालं?" प्रमिला म्हणाली.

"कुठं काय? पंप बघतो जरा."

तो खाली उतरला, पण बॉनेटकडे गेलाच नाही. दगडासमोर जाऊन उगाच उभा राहिला. प्रमिलाने भूमिकाच्या ओटीतला नारळ काढला आणि खिडकीतून त्याच्या हातात दिला. त्याने तो फोडला, भूमिकाच्या नावाने. इंजिन चालूच होतं.