फोटोत माणूस नको

"फोटोत माणसं राहू दे गं पंचशीला. नाहीतर तुझे साहेब म्हणतील, इथं कोणी राहतच नाही," गिरिजामावशी म्हणाली होती.

पंचशीला हसली होती. "मावशी, जागेचा फोटो आहे, लग्नाचा नाही."

मिलचा भोंगा थांबून वर्षं लोटली होती, तरी मागची चाळ भरलेली होती. पंचशीला भूगोलात एम.ए. शहराच्या नव्या आराखड्यासाठी एका कंपनीनं तिला टेम्पररी घेतलं होतं. एकेक तुकडा पायी हिंडायचा, फोटो काढायचे; ते बघून ऑफिसात त्या जागेचा स्वभाव लिहिला जायचा: दाट, मोकळी, पडीक. त्यावरून कुठं काय उभं राहणार ते ठरायचं. "मॅडम, फोटो में आदमी नहीं चाहिए," कंपनीचे साहेब उदयसिंहजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आदमी आज है, कल नहीं. हमें ज़मीन देखनी है."

याच चाळीत राहणारी गिरिजामावशी म्हणजे तिच्या आईची महू गावची बालमैत्रीण. पंचशीलाच्या लहानग्या अश्वजितची छाती जन्मापासून नाजूक; झोपेतही त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची तिला सवय. कामावर जाताना त्याला सोडायचं तर फक्त मावशीपाशीच. म्हणून चाळीचा सर्व्हे तिनं मागून घेतला होता.

आणि चाळीनं तरी किती कौतुक करावं! आपली पोरगी फोटो काढतेय म्हणून बायकांनी दोऱ्यांवरचे ओले कपडे उतरवले, खाटा आत नेल्या, अंगण झाडलं. चाळीतला नंदू ओरडत होता, "चलो भिया, बाजू हटो! आपला मोहल्ला फोटूत येतोय, तुमची थोबाडं नकोत!" सगळे हसत भिंतीआड गेले. शेवटी राहिली कडेवर अश्वजितला घेतलेली मावशी.

"मावशी, जरा बाजूला हो ना."

मावशी बाजूला झाली.

आराखड्याचा नकाशा लागला तेव्हा चाळीवर निळा रंग होता. पडीक, निर्जन, व्यापारी वापरास योग्य. सुनावणीला अख्खी चाळ आली. पंचशीलाही चाळीच्या बाजूनं उभी राहिली. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणाली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तिचेच फोटो टेबलावर मांडले.

"आपने ही निकाले हैं ना? इसमें आदमी दिखाइए."

तिनं एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. स्वच्छ झाडलेलं अंगण. रिकाम्या दोऱ्या. बंद दारं. एका कोपऱ्यात भिंतीआडून अश्वजितच्या झबल्याची पिवळी किनार तेवढी दिसत होती. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"कपड़ा है, मैडम. उड़ के कहीं से भी आ जाता है."

  मागं उभ्या चाळीतल्या कुणी तिच्या नावानं बोटं मोडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

चाळ पाडली. ज्यांना खोल्या मिळाल्या त्यांना शहराबाहेर, खजरान्याच्या पलीकडे, बायपासच्या बाजूला नेऊन टाकलं. नळ नाही, दवाखाना नाही. मावशी एकटीच. नवरा मिल बंद पडल्यामागोमागच गेलेला.

अश्वजितला कडेवर घेऊन पंचशीला तिथं पोचली तेव्हा मावशी दारातच बसली होती. वाळली होती, खोकत होती. हिला पाहून उठली. पंचशीलाला वाटलं, आता हात पुढे करेल, पोराला घेईल. मावशी भिंतीला हात लावत बाजूला झाली, भिंतीआड दिसेनाशी झाली. दार उघडंच होतं. आतून खोकला येत होता. पंचशीलाला उंबरा ओलांडवला नाही.

त्यानंतर ती दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा दार रिकामं, आत खोकला. मागच्या खेपेला तोही ऐकू आला नाही. शेजारीण म्हणाली, "होंगी अंदर, कहाँ जाएँगी."

आता तिकडे जाणारा जो भेटेल त्याला पंचशीला अडवते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे: बायपासकडे जाणार असाल तर शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्याच्या खोलीत गिरिजामावशी आहे का, तेवढं बघा. दार रिकामं दिसलं म्हणून परत फिरू नका. आत जा. भिंतीआड बघा.