बहात्तर तास कोणी आत जाऊ नये

सातव्यांदा भोंगा वाजला तेव्हा घड्याळ सत्तर तास चाळीस मिनिटं दाखवत होतं. खोलीत आम्ही तिघं होतो. कोणी हललं नाही. पहिल्या भोंग्याला मी धावलो होतो, दुसऱ्याला चालत गेलो होतो. सातव्याला मी बसल्या जागेवरून त्याच्याकडे नुसतं बघितलं. न सांगता मुक्कामाला येणाऱ्या नातेवाइकाकडे बघतात तसं. या, बसा.

"पुन्हा शून्य," सेफ्टीबाई म्हणाल्या आणि वहीत शून्य लिहिलं. त्यांचं शून्य फार सुबक यायला लागलं होतं.

यंत्र म्हणजे फ्युएल सेल. एका बाजूने हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूने हवा, वीज निघते आणि खाली थोडं पाणी गळतं. चोवीस सेलची थप्पी, बुटांच्या खोक्याएवढी. थप्पीला स्वतःची अक्कल नसते, ती मी बनवलेल्या बोर्डात असते. त्यावरचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढी चिप, दर सेकंदाला प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघते, गरम झालं की पंखा वाढवते, दर दीड मिनिटाने व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी फुस्स करून बाहेर टाकते. आणि छताखाली, एक्झॉस्ट पंख्याच्या तोंडाशी, एक सेन्सर. हायड्रोजन गळला की वर जातो, सेन्सरला लागतो, चिप गॅस बंद करते आणि भोंगा वाजवते.

हे सगळं डोंगरावरच्या एका हवामान केंद्रात जाणार होतं. तिथे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. म्हणून अट अशी, की सलग बहात्तर तास बिनबोभाट चालून दाखवायचं. मध्ये बंद पडलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत माझी रजा बंद, कारण कोड फक्त मला कळतो. (आता मलाही फारसा कळत नव्हता, पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.)

रजा ताईसाठी हवी होती. तिला मुलगी झाली त्याला पाच आठवडे झाले होते. दाजी जहाजावर. आई असती तर आईने बघितलं असतं, पण आई नाही. मी पहिल्या आठवड्यात ताईला म्हणालो होतो, "बहात्तर तास झाले की आलोच." ती तेव्हा हसली होती. आता हसत नव्हती.

"काका, गळतंय कुठून?" मी फिटरकाकांना विचारलं. खोलीतली सगळी पाइपिंग त्यांची.

"माझ्याकडून नाही." हे ते सातव्यांदा म्हणाले. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड तपासला होता, एक बुडबुडा नव्हता. "साहेब, मी सांगू? तीन दिवसांनी माणूसही थकतो. तुमचं यंत्र थकतंय. पाठ टेकू द्या त्याला."

"यंत्राला पाठ नसते, काका."

"म्हणूनच थकतंय."

हे आमच्याकडचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण होतं. कारण यंत्र कधीच दहाव्या किंवा विसाव्या तासाला बंद पडत नव्हतं. अडुसष्ट, एकाहत्तर, सत्तर. नेहमी अगदी दारात येऊन. मी सेन्सर बदलला होता, बोर्ड बदलला होता, कोडमध्ये थकव्याचं कारण शोधत बसून स्वतः थकलो होतो.

पहिल्या वेळी मात्र गॅस खरोखर गळला होता. एका जोडात काकांच्या बोटाचं ग्रीस आणि त्यात एक केस अडकला होता. तेव्हा मीच बाणेदारपणे नियम लिहिला, की आत येणाऱ्याने हात स्वच्छ करावेत. सॅनिटायझरची बाटली यंत्राशेजारच्या खिळ्याला अडकवली, कारण खिळा तिथेच होता. पुढे दर भोंग्यानंतर सेफ्टीबाई एकेक कलम वाढवत गेल्या. हात दोनदा. मग तीनदा. मग टेबल पुसणं, मग वहीचं पेन पुसणं. शिवाय दर दोन तासांनी एकाने आत जाऊन आकडे हाताने लिहायचे, कारण बाईंचा बोर्डावर विश्वास नव्हता. "यंत्र खरं बोलतंय की नाही हे माणसाने बघायला नको का?" कलम अकरापर्यंत आम्ही इतके स्वच्छ झालो होतो की काकांच्या बोटांची साल निघायला लागली होती.

दुपारी ताईचा फोन आला.

"किती झाले?"

"शून्य."

मागे पिल्लू रडत होतं. नाव अजून ठेवलं नव्हतं, नाव सुचायला झोप लागते.

"माकडा, मी काल सलग किती झोपले माहितीये? पन्नास मिनिटं. ती झोपते रे, नाही असं नाही. तीन-तीन तास झोपेल. पण मला धीर धरवत नाही. श्वास चालू आहे ना, पांघरूण सरकलं नाही ना, म्हणून बघायला जाते, आणि बघायला गेलं की उठते. मीच उठवते तिला. कळतं मला, पण राहवत नाही."

"मग नको ना जाऊस बघायला."

"तू जात नाहीस तुझ्या खोक्याकडे?"

फोन ठेवला आणि मी तसाच बसून राहिलो. अडुसष्ट, एकाहत्तर, सत्तर. त्या तासांना काय व्हायचं? आम्ही सगळे बघायला आत जायचो. आता होणार, आता होणार म्हणून. तिघं, प्रत्येकी तीनदा हात, वर टेबल आणि पेन.

सेन्सरचा मूळ आलेख काढला. मी नेहमी बघायचो तो गुळगुळीत केलेला होता, बारीक उंचवटे मीच गाळून टाकले होते, दिसायला बरं दिसतं म्हणून. मूळ आलेखात दर दोन तासांनी एक उंचवटा होता. एक माणूस, एक उंचवटा. शेवटी तीन माणसं, एक डोंगर आणि भोंगा.

मग सेन्सरचं माहितीपत्रक उघडलं. पान दोन, हा सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही प्रतिसाद देतो. ही ओळ मी वाचली होती. आमच्यात कोणी पिऊन कामावर येत नाही, म्हणून सोडून दिली होती.

सेफ्टीबाईंना सांगायला गेलो. त्यांनी बाटली खिळ्यावरून काढली, चष्मा कपाळावर चढवला, लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"सत्तर टक्के," त्या म्हणाल्या. "पाच आठवडे आपण गॅसशेजारी सत्तर टक्के पेटतं पाणी उडवतोय. आणि सुरक्षा अधिकारी कोण?"

प्रश्नाचं उत्तर त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं.

"पहिलं कलम माझं होतं," मी म्हणालो.

"होतं खरं." त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं झालं. "म्हणजे यंत्र गळत नव्हतंच."

"पहिली वेळ सोडून. तेव्हा काकांचा केस होता."

"त्यात सिद्ध काय झालंय?" काका दारातून म्हणाले. "केस कुणाचाही असतो." काकांचं टक्कल बघता त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं.

बाईंनी सगळी कलमं खोडली. हात बाहेरच्या नळावर साबणाने धुवायचे, बाटली इमारतीबाहेर, आणि बहात्तर तास कोणी आत जायचं नाही. आकडे बोर्ड लिहील. हे शेवटचं वाक्य त्यांनी फार सावकाश लिहिलं, दात काढून घेताना बसतात तशा बसून.

मंगळवारी दुपारी दोनला मोजणी सुरू झाली. सव्वादोनला मी खोलीच्या दाराशी उभा होतो.

"कुठे?" बाई म्हणाल्या.

"कुठे नाही. काचेतून बघतोय."

"हात कुठे आहे तुझा?"

हात कडीवर होता. तो तिथे कधी गेला मला खरंच माहीत नाही.

बाईंनी वही उघडली, एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. "कलम एक. यंत्र बनवणाऱ्याने चाचणीच्या काळात या शहरात राहू नये." त्यांनी सही केली. "तू इथे राहिलास तर सत्तराव्या तासाला आत जाशील. मी ओळखते तुला. जा बहिणीकडे."

"पण रजा—"

"रजा नाही ही. सुरक्षेचा उपाय आहे. निघ."

बसने पाच तास लागतात. ताईने दार उघडलं, मला बघितलं, आणि "आलास?" म्हणायच्या ऐवजी "हात?" म्हणाली.

"साबणाने धुतो."

तिने पिल्लू माझ्या हातात दिलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. "मी जरा पडते," ती म्हणाली, पण पहिले दोन दिवस तिला तेही जमलं नाही. दर थोड्या वेळाने खोलीच्या दारात येऊन उभी राहायची, डोळे अर्धे मिटलेले. "श्वास घेतेय ना?" "घेतेय. मीही घेतोय. जा." माझ्या खिशातला फोन दर तासाला थरथरायचा. बोर्ड कळवायचा, ठीक. ताईला कळवणारं कोणी नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळपासून मीही दर तासाला तिच्या बंद दारापाशी जाऊन हळूच म्हणायला लागलो, "ठीक." दोनदा आतून "हं" आलं. तिसऱ्यांदा काही आलं नाही. दार उघडून बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

शुक्रवारी दुपारी दोनला पिल्लू खांद्यावर झोपलेलं आणि फोन वाजला. फिटरकाका.

"साहेब, झाले बहात्तर. बाई दारात खुर्ची टाकून बसल्यात, अजून कोणाला आत सोडत नाहीत. म्हणतात एक तास जाऊ दे, उगाच घाई नको."

"झाले?" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

पिल्लूने डोळे उघडले. तोंडाचा आकार बदलायला लागला. तो आकार मला आता पाठ होता, भोंग्याआधी दोन सेकंद मिळतात. ताई चार तास दहा मिनिटं झोपली होती. मी दुधाची बाटली उचलली, पिल्लूला घेऊन बाहेर पडलो आणि दार मागे ओढून घेतलं. दुसऱ्या जिन्यावर पोचेपर्यंत भोंगा सुरू झाला होता. पूर्ण इमारत ऐकत होती, एक दार सोडून.

खाली आल्यावर लक्षात आलं की पायात काही नाही आणि किल्ली आत आहे. दाराला बेल होती.

बेल मी वाजवली नाही. दूध संपलं, पिल्लू झोपलं, उठलं, पुन्हा झोपलं. मी पायरीवर बसून राहिलो. येणारे-जाणारे माझ्या पायांकडे बघत होते. उन्हं कलल्यावर वरून दार उघडल्याचा आवाज आला आणि ताई कठड्यावरून वाकली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

"किती झाले रे?" तिने विचारलं.

"साडेसात तास," मी म्हणालो.