ऑक्सिजनचा बाक

विरूपाक्ष सरांना त्यात फायदाच दिसत होता. एकदाच कॅमेऱ्यासमोर बोलायचं, मग जन्मभर घशाला सुट्टी. लातुरात बॅचमागून बॅचला पेशींचं श्वसन शिकवून आवाज पार झिजला होता. घरी ते बोलतच नसत.

"पोरांना ग्लुकोज, मला नुसती हलती मान," बायको शिवकन्या म्हणायची.

"लई केलं सर तुमी. एकदा रेकॉर्ड करू, मग आराम करा," क्लासचा मालक संगमेश्वर म्हणाला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर सरांनी ग्लुकोज फोडलं. "एटीपी म्हंजे पेशीचा पैका. आधी पदरचे दोन घाला, मग चार हाती येतात. घातल्याबिगर कोन देतंय?" खुर्च्या हसल्या नाहीत. पुढच्या टप्प्यात, क्रेब्जच्या चक्रात, ते दोनदा खोकले. शेवटच्या टप्प्याला वर्गात ते डस्टरला इलेक्ट्रॉन करून बाकाबाकांवरून मागं पाठवत. इथं डस्टर हातातच राहिलं.

"मागच्या बाकावर कोन हाय? ऊठ बाबा. तू ऑक्सिजन. तुला कुनी इचारत न्हाई, पन तू इलेक्ट्रॉन घेतला न्हाईस तर सगळी रांग तटते."

हशाला जागा सोडून ते सवयीनं थांबले.

जूनपासून पडद्यावरचे सर शिकवू लागले. खऱ्या सरांना दाराशी टेबल मिळालं, शंका विचारायला. शंका कुणी आणली नाही. अडलं की पोरं व्हिडिओच मागं घेत.

दिवाळीनंतर संगमेश्वर टेबलाशी घुटमळला. "सर, येऊ नका म्हनत न्हाई मी. पन हे टेबल अ‍ॅडमिशनला लागायलंय."

"घे की," सर म्हणाले. आवाज खणखणीत निघाला. घसा केव्हाच बरा झाला होता.

निघताना ते वर्गात शिरून मागच्या बाकावर टेकले. पडद्यावर श्वसनाचाच धडा चालू होता.

"मागच्या बाकावर कोन हाय? ऊठ बाबा," पडदा म्हणाला.

सर उठले. वह्यांतून एकही मान वर आली नाही. पडद्यावरचे सर हशासाठी थांबले, आणि पुढं गेले.

"आज लवकर?" घरी शिवकन्येनं विचारलं. "काय झालं? बोला की."

संगमेश्वरला न थकणारे सर मिळाले, पोरांना हवा तिथं थांबणारा धडा, सरांना त्यांचा घसा. शिवकन्येच्या वाट्याला तीच हलती मान.