पहिल्या वाफेचा भात

मी एक जुने भिक्षापात्र आहे. रंगाने काळे, पोटाने गोल आणि तोंडाने जरा फटकळ. माझा जन्म थायलंडातला. लोखंडाचे आठ पत्रे ठोकून, जोडून, भट्टीत भाजून मला घडवले. तो ठोकण्याचा आवाज एवढा मोठा होता, मित्रांनो, की शेजारच्या कोंबड्यांनी घाबरून थेट उकडलेलीच अंडी दिली म्हणतात!

चाळीस वर्षे मी एका म्हाताऱ्या भिक्खूंकडे होते. मग त्यांनी मला आपल्या शिष्याच्या, सव्वीस वर्षांच्या भंते सुमनोंच्या हाती दिले आणि दोघांना पाठवले कुठे, तर भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरजवळच्या एका खेड्यात. तिथल्या विहारात रविवारच्या वंदनेला सातच माणसे उरली होती. तरुण मंडळी नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे गेलेली. पावसाळ्याचे तीन महिने तिथे वर्षावास करायचा, ती सात माणसे टिकवायची आणि जमल्यास वाढवायची, हे भंतेंचे काम.

साकोलीच्या पुढे आमच्या एसटीत एक वाघ चढला. कंडक्टरने त्याला मागच्या सीटवर बसवले. खोटे वाटते ना? थांबा, पुढची गोष्ट याहून नवलाची आहे.

मला एकच उत्सुकता होती. इकडचा भात कसा असेल? चिकट की मोकळा? पहिल्या सकाळी भंते मला घेऊन अनवाणी निघाले. त्यांच्या देशाची रीत अशी, की नजर खाली ठेवून दारासमोर मुकाट उभे राहायचे, मागायचे नाही. कुणी दिले तर घ्यायचे, नाही तर पुढे जायचे. पण इथे भंतेंना घरी बोलावून, मानाने बसवून जेवू घालतात, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

पहिले दार सत्यभामाबाईंचे. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठ मात्र ताठ.

"काय पायजे भंतेजी?"

भंतेंची नजर जमिनीवरच. बाईंची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"झाका ते! माझ्या दारात कटोरा नोको!"

दार धाडकन लागले. मग पुढचे लागले, त्याच्या पुढचेही. मी रिकामेच परतले. रविवारी वंदनेला सातातली चारच माणसे आली. विहार समितीचे अध्यक्ष आनंदराव हात जोडून म्हणाले, "भंतेजी, तुमाले रोज घरी जेवू घालतो. पण हे दारोदार फिरनं आमाले सहन होत नाही. होत नसंल बंद, तर उद्या सकाळची बस आहे."

"बरे," भंते म्हणाले आणि सामान बांधू लागले.

का? लोक एवढे का दुखावले? कुतूहलाने माझे पोट फुटायची वेळ आली! सगळे उठले, सत्यभामाबाई मात्र बसून राहिल्या. कुतूहल त्यांनाही होते.

"भंतेजी, तुमाले लाज नाही वाटत? मी लहान होती तवा आबाचं बोट धरून गावात जाओ. त्याच्या हातात टोपली राहे. लोकं वरून उष्टं टाकत. छप्पन साली बाप दीक्षा घेऊन आला अन् पयले ती टोपली चुलीत घातली. तवापासून आमी कोनाच्या दारात उभे नाही राह्यलो. अन् तुमी तेच घेऊन आले?"

भंतेंनी मान खाली घातली. मग आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "आजी, मला मागायला मनाई आहे. तिकडे माझी आई पहाटे उठून भात शिजवते. पहिला भात पात्रात, मग घरात. उरलेला ती कधीच देत नाही. म्हणते, आज मी देणारी झाले."

"पयला भात? उरलेला नाही?"

"नाही."

बाईंनी वाकून माझ्यात पाहिले. "आमच्या टोपलीत पयला घास कोनी टाकला नाही जी," त्या हळूच म्हणाल्या. "अन् आमच्या दारात असं मान खाली घालून कोनी उभंही नाही राह्यलं." मग उठल्या. "सकाळी या. बसच्या आंधी. पयले माझ्या दारात."

सकाळी आनंदराव भंतेंची पिशवी घेऊन बसस्टॉपकडे निघाले होते. वाटेत पाहतात तर सत्यभामाबाई दारात उभ्या, हातात वाफाळते पातेले, आणि समोर मला घेऊन भंते.

"काहो बाई, परवा तर हाकलून रायल्या होत्या!"

"तवा मले वाटलं, हा मागाले आला. आज मी देऊन रायली. फरक समजत नसंल तर घरी जाऊन रत्नमालाले विचार!"

रत्नमाला म्हणजे आनंदरावांची बायको. तिला विचारायची गरजच पडली नाही. पलीकडच्या दारात ती आधीच पळी घेऊन उभी होती! आनंदरावांनी पिशवी मुकाट्याने विहारात नेऊन ठेवली. आणि भात? मोकळा, सुवासिक आणि असा गरम, की भंतेंनी मला या हातातून त्या हातात नाचवले.

आश्विन पौर्णिमेला वंदनेला चारशे माणसे होती. बरे, बरे, एक्केचाळीस. भाताच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, आलेल्या बायका वंदनेलाही येऊ लागल्या आणि कापणीपर्यंत येत राहिल्या. जाताना भंतेंनी मला विहारातच ठेवले. गुरूंनी त्यांना नवे पात्र पाठवले होते.

आता मी खिडकीत असते. कुणी माझ्यात उदबत्तीचे पुडे ठेवते, कुणी संपलेले सेल. पण रविवारी सत्यभामाबाई ते सारे बाहेर काढतात, मला पदराने पुसतात आणि चुलीवरून उतरलेला पहिला भात माझ्यात वाढतात. वंदनेला जो नवा माणूस येईल, त्याच्या ताटात तो स्वतःच्या हाताने घालतात.

मित्रांनो, मला चमकवू नका, काळेच राहू द्या. फक्त माझ्यात उरलेले टाकू नका. कुणाच्याच पात्रात टाकू नका. वाघाचे खोटे होते, कबूल. भाताचे मात्र खरे आहे. त्या पहिल्या वाफेचा डाग अजून माझ्या तळाशी आहे. येऊन बघा.