ताईच्या अभिप्रायांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची, एका कोपऱ्यावर चहा सांडलेली. कारखान्यात मला कापलं, शिवलं आणि डझनभर जुळ्या बहिणींबरोबर दुकानात धाडलं. बहिणींच्या नशिबी गणितं आली असतील. माझ्या नशिबी ड्रॅगन आले, याचा मला आजही तोरा आहे.

मला विकत घेतलं ताईने. तीस वर्षं शिवणयंत्रावर मान मोडून काम केल्यावर तिला अद्भुत कादंबऱ्यांचं वेड लागलं. ती काही मोठी समीक्षक नव्हती. कादंबरी संपली की मनात येईल ते माझ्यात लिहून मोकळी व्हायची. 'राजकन्येचा झगा दहा हात लांब, आणि ती तटावर चढते! लेखकाने जन्मात झगा शिवलेला दिसत नाही.' 'ड्रॅगन गुणी आहे. राजपुत्र बिनडोक.' दर शनिवारी ती मला वाचनालयात नेत असे. तिथले लोक मला चाळून पुस्तकं निवडत, आणि मी नुसती फुगून जात असे.

मग वर्षभरात ताईचे डोळे गेले. डॉक्टरांनी हात टेकले. घरात धाकटी बहीण होती. ती ताईला मोठ्याने वाचून दाखवू लागली आणि ताई सांगेल तो अभिप्राय माझ्यात उतरवू लागली. पहिल्याच कादंबरीत एक म्हातारा घोडा मेला. ताई दुपारभर रडली, जेवलीही नाही. त्या दिवशी धाकटीने ठरवून टाकलं, ताईपुढे आता कोणी मरायचं नाही. तिथून पुढे ती पुस्तकातली मरणं गाळून, त्यांच्या जागी मनचं काहीतरी जोडून वाचू लागली. मला सगळं कळत होतं, पण मी कोणाला सांगणार? माझ्या पानांवर खोटे अभिप्राय चढत गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवे लावणाऱ्या जादूगारिणीच्या कादंबरीवर ताईने सांगितलं, "लिही, जादूगारीण ऐन लढाईत माहेरी का निघून गेली? बाकी झकास." धाकटीने ते जसंच्या तसं लिहिलं.

त्या शनिवारी वाचनालयात औषधांच्या दुकानाचे मालक मला चाळत बसले होते. ते एकदम हसायला लागले.

"अहो ताई, माहेरी कुठली? ती तर नवव्या प्रकरणात मरते की! पुढचं सगळं पुस्तक तिच्या मरणावर उभं आहे. तुम्ही वाचलंत तरी कोणतं?"

ताईने मला मागून घेतलं आणि ती धाकटीबरोबर घरी निघाली. घरी आल्यावर चप्पलही न काढता तिने धाकटीला विचारलं, "आणखी कोण कोण मेलं?"

"ताई, तुला त्रास नको म्हणून..."

"माझे डोळे गेलेत गं, मी नाही गेले. आता तू बाहेर ऊन आहे म्हणालीस, तरी मी खिडकीतून हात काढून बघणार."

त्यानंतर तीन शनिवार कोणी वाचनालयात गेलं नाही. दोघी एका घरात राहून कामापुरतं बोलत. मी शिवणयंत्राच्या खणात पडून राहिले. आता या घरात कधी कोणी वाचणारच नाही, या भीतीने माझा जीव अर्धा झाला.

एका दुपारी ताई चाचपडत खणापाशी आली. तिने मला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ स्वतःच्या हाताने लिहिलं. मग धाकटीला हाक मारली.

"बघ गं, कसं लिहिलंय?"

ताईने जादूगारिणीच्याच पानावर लिहिलं होतं. पान आधीच भरलेलं. अक्षरावर अक्षर चढून नुसती गिचमिड झाली होती. धाकटीच्या ओठांवर 'छान' आलं होतं, मी पाहिलं. तिने ते गिळलं.

"ताई, भरलेल्या पानावर लिहिलंस गं. एक शब्द लागत नाही."

ताईचा चेहरा पडला. ती कितीतरी वेळ माझ्या पानावरून बोटं फिरवत राहिली.

"मग कोरं पान काढून दे," ती म्हणाली. "आणि ते नववं प्रकरण काढ आधी. सगळं वाच."

धाकटीने वाचलं. दोघीही रडल्या.

मित्रांनो, आता माझी शिवण सुटली आहे. रद्दी काढताना कधी मी तुमच्या हाती लागले, तर ते गिचमिड पान फाडू नका. दोन बहिणींचं अक्षर तिथे एकावर एक बसलं आहे. आणि तुमच्या घरी कोणाला डोळ्यांनी दिसत नसेल, तर त्याला रोज वाचून दाखवा. मात्र एकही पान गाळू नका.