झीलकरी

नलूनं पदराची गाठ सोडून ज्येष्ठमधाची कांडी काढली आणि धर्मपालच्या तळहातावर ठेवली.

"चावू नका. नुसतं चघळा."

"तू मले गाणं शिकवून राह्यली काय?"

"गाणं नाही, चघळणं शिकवून राह्यली."

दीपमाला हसली. लेक यवतमाळहून सकाळच्या पहिल्या एसटीनं पुसदला आली होती, ती काही महोत्सवातली भजी खायला नव्हे. लोककला महोत्सवाच्या एकल गायनात तिच्या बापाचं नाव होतं. अकरावा नंबर.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर धर्मपाल तीस वर्षं गायन पार्टीत होता खरा, पण झील धरायला. पुढे पेटीवर फुलचंद. तो अर्धी ओळ टाकायचा आणि उरलेली अर्धी मागच्यांनी उचलायची. गावोगावच्या जयंतीला हार पडायचे ते फुलचंदच्या गळ्यात. धर्मपाल तोवर टेम्पोत ढोलकी चढवत असायचा. या माणसानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. गेल्या वर्षी फुलचंद वारला, पार्टी मोडली, आणि एक दिवस जेवता जेवता हा म्हणाला, "एकदा तरी पुढून म्हणून पाह्यतो." नलूच्या तव्यावरची पोळी करपली. तीस वर्षं हे पोटात ठेवून होता तर!

सकाळपासून तिघं मैदानात फिरत होती. रांगोळ्या पाहून झाल्या, बंजारा बायांच्या आरसेकामाची एक पिशवी दीपमालानं घासाघीस करून घेतली. धर्मपालनं पाणी आणि ज्येष्ठमधाची ती कांडी सोडून काही तोंडात घातलं नाही. अकरावा नंबर पुकारला, तेव्हा तो शर्ट ओढत, इकडेतिकडे न पाहता स्टेजवर चढला.

गाणं पार्टीतलंच, फुलचंदनं जुळवलेलं. पेटीवाल्यानं चाल धरली. धर्मपालनं डोळे मिटले. पहिल्या अर्ध्या ओळीची जागा आली आणि रिकामीच गेली. मग अगदी ठेक्यात, खणखणीत आवाज आला:

"…पाटी तिच्या हाती, पाटी तिच्या हाती!"

मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. पेटीवाला बिचारा पुन्हा सुरुवातीला आला. पुन्हा तेच. अर्धी ओळ मुकी, अर्धी खणखणीत.

"आई, बाबा विसरले काय?"

"विसरले नाही गं. थांबून राह्यले."

तीस वर्षं जिथं दुसऱ्याचा आवाज यायचा, तिथं हा माणूस अजून वाट पाहत होता. तिसऱ्यांदा चाल फिरून आली. आयुष्यात चुलीसमोर सोडून कुठं न गायलेली नलू खुर्चीतून उठली आणि तिच्याच्यानं राहवलंच नाही.

"शाळेच्या वाटेनं निघाली लेक माझी…"

"पाटी तिच्या हाती!" वरून आलं.

माना वळल्या. निवेदिका लगबगीनं पुढे आली.

"काका, ही एकल स्पर्धा आहे. दोघांचं चालणार नाही."

नलू मटकन खाली बसली. त्याचा एकच दिवस होता, तोही आपण मातीत घातला! तिला वर पाहवेना.

धर्मपालनं माइकवरचा हात काढला.

"मंग माझं नाव खोडा. तिचं लिहा, नलूचं."

"आणि तुम्ही?"

"मी झील धरतो. झीलकऱ्याचं नाव कुठं लिहितेत?"

निवेदिकेनं परीक्षकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं हसून मान हलवली.

"मी नाही येत," नलू खालूनच तणतणली. "काहून असं करून राह्यले? तुमचा दिवस आहे ना आज!"

"मले पुढून नाही जमत, नलू. पाहून घेतलं." आवाजात रुसवा नव्हता, काही नव्हतं. "ये वर. लोक थांबले आहेत."

दीपमालानं आईच्या कोपराला हात लावून उठवलं. चपला पायरीशी काढून नलू वर गेली. धर्मपाल दोन पावलं मागे सरकला. पेटी सुरू झाली. समोरच्या एवढ्या तोंडांकडे न पाहता तिनं ओळ टाकली. आवाज कापला, आणि 'लेक माझी'वर येता येता दम संपला.

ओळ पडायच्या आत मागून त्याचा आवाज आला आणि त्यानं ती उचलली.

तीस वर्षं हा आवाज तिनं मांडवात समोर बसून ऐकला होता, फुलचंदच्या मागोमाग येणारा. आज तो पाठीशी होता. फुलचंद एवढा बिनघोर कसा गायचा, ते तिला आत्ता कळलं. तिनं पुढची ओळ टाकली, चांगली मोठ्यानं.