डोंगर, खिडकी आणि काळे सासरे

जावईबापूंचा दवाखाना दातांचा, पण जीव अडकलेला डोंगरात. रविवार उजाडला की कॅमेरा, तिपाई आणि भिंगांची पेटी घेऊन ते निघत आणि संध्याकाळी तोंड पाडून परत येत. आभाळ नीट आलं की जमीन काळी, जमीन नीट आली की आभाळ पांढरंफटक. सासूबाई प्रत्येक फोटो चष्मा पुसून बघत आणि म्हणत, "यात डोंगर कुठे आहे तेवढं दाखवा, म्हणजे झालं." नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

त्याच सासूबाईंचा एके दिवशी स्वतःहून फोन आला, तेव्हा जावईबापू पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून बाहेर आले.

"समोरच्या इमारतीचा मजला चढतोय," त्या म्हणाल्या. "उद्या स्लॅब पडला की आपल्या खिडकीतला डोंगर गेला. मला फोटो हवाय. खिडकीत डोंगर आणि खुर्चीत हे. आणि दोघंही दिसायला हवेत हं."

"दिसतील, आई," जावईबापू बोलून गेले आणि मग त्यांना घाम फुटला. आजवरच्या सगळ्या टोमण्यांची परतफेड करायची ही एकच संधी होती, आणि उद्या ती डोंगरासकट जाणार होती.

दुपारीच ते सासरी पोचले. खोली अंधारी, बाहेर रणरणतं ऊन. "आपल्या डोळ्याला ऊन आणि सावली दोन्ही पेलतं," जावईबापूंनी तिपाई रोवत समजावलं. "कॅमेऱ्याला एकदम नाही पेलत. म्हणून तीन फोटो काढायचे. एक खोलीसाठी, एक मधला, एक डोंगरासाठी. मग कॉम्प्युटरवर तिन्हींचा एक करायचा. फक्त कुणी हलायचं नाही."

"हे आणि हलणार नाहीत?" असं म्हणून सासूबाई चहा टाकायला आत गेल्या.

सासरे खुर्चीत बसले. डोंगराचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. आठवडाभर ते एकच ऐकवत होते, "गेला तर गेला. डोंगर काय आपल्या बापाचा होता?" खोलीचा फोटो निघत असतानाच त्यांनी मान वळवून विचारलं, "झालं का?" दुसऱ्या फोटोच्या वेळी तर समोरच्या गवंड्यावर ओरडायला ते उठूनच गेले. जावईबापूंच्या नाकी नऊ आले.

"बाबा, आता शेवटचा. हा डोंगरासाठी. यात तुम्ही नुसते काळे येणार, तोंडसुद्धा दिसणार नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मग घ्या," म्हणून सासरे खिडकीकडे तिरकं बघत न हलता बसले. फोटो निघाला, आणि दोनच मिनिटांत समोरच्यांनी बांधकामावर निळी ताडपत्री ओढली. डोंगर संपला.

जावईबापूंनी तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला. तीन फोटो एकत्र केले तर सासऱ्यांना दोन डोकी फुटली आणि पोटातून डोंगर वर आला. हे सासूबाईंना दाखवण्यापेक्षा दात पाडून घेतलेले बरे. उरला शेवटचा, काळा. पण काळ्यातही कॅमेऱ्याने बरंच काही साठवलेलं असतं, हळूहळू उजेड वाढवत ते वर काढता येतं, हे त्यांनी वाचलं होतं. ते वाढवत गेले.

आणि खोली वर आली! पडद्यावरची फुलं, खुर्चीचा उसवलेला वेत, शर्टाचं तुटकं बटण. बाहेर डोंगरावरचं झाडन् झाड जागच्या जागी. असा फोटो त्यांना जन्मात साधला नव्हता. त्यांनी उजेड आणखी जरा वाढवला, आणि सासऱ्यांचा चेहरा उमटला. चष्मा कपाळावर, गाल ओले, आणि खालचा ओठ लहान पोरासारखा बाहेर काढलेला.

"अजिबात नाही म्हणाला होतात," मागून हलकेच आवाज आला. सासरे केव्हाचे पाठीशी उभे होते.

आत कपबशा वाजल्या. एवढी वर्षं ज्याच्यासाठी टोमणे खाल्ले, तो फोटो समोर होता. नुसता चेहरा झाकावा, तर सासूबाईंचं बोट आधी तिथेच जाणार. त्यांनी एकदा डोळे भरून फोटो पाहून घेतला आणि सगळा उजेड होता तेवढा परत उतरवला.

सासूबाईंनी ट्रे ठेवला, चष्मा पुसला.

"डोंगर छान आलाय. पण हे कुठायत?"

"हे काय, इथे." जावईबापूंनी एका काळ्या गोळ्यावर बोट ठेवलं. "एवढंच जमलं, आई."

"एवढं सामान घेऊन हिंडता, आणि समोर बसलेला माणूस दिसत नाही तुम्हाला?"

जावईबापूंनी लॅपटॉप मिटला.

"दिसतं गं त्यांना," सासरे म्हणाले, आणि चहाचा पहिला कप त्यांनी जावयापुढे सरकवला.